पत्र्याखाली बसणारे लॅगिंगकाका

लॅगिंगकाकांना काहीही विचारलं की उत्तर देण्याआधी ते बसायला जागा मागत. छताचं काम असलं तर माणसं आधी मान वर करून छत बघतात. काका छताकडे ढुंकूनही बघत नसत. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला ते आमच्या कोलशेतच्या शेडवर पहिल्यांदा आले, तेव्हा मी प्रश्नांचा कागद तयार ठेवला होता. एकूण चौदा प्रश्न, महत्त्वाच्या क्रमाने. पहिला प्रश्न वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, एक स्टूल मिळेल का? बिनपाठीचं. पाठ टेकली की घाम कळत नाही."

मी स्टूल दिलं. दोन मशीनांच्या मध्ये ते जे बसले, ते संध्याकाळी पाचपर्यंत. मध्ये डबा खाल्ला, दोनदा चहा घेतला, शर्टाचं वरचं बटण एकदा उघडलं आणि एकदा लावलं. जाताना चपला घालत म्हणाले, "येतो परवा." माझ्या चौदा प्रश्नांतला एकही प्रश्न विचारून झाला नव्हता. डायरीत त्या दिवसाच्या पानावर मी लिहिलं, "सल्लागार आले. बसले. गेले." यापुढे काय लिहावं ते मला कळेना.

त्यांचं खरं नाव फक्त माझ्या फोनमध्ये होतं. कारखान्यात वाफेच्या पाइपांवर, बॉयलरवर उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून जाड थर गुंडाळतात, त्या कामाला लॅगिंग म्हणतात. वागळे इस्टेटपासून कल्याणच्या पलीकडच्या कारखान्यांपर्यंत काकांनी आयुष्यभर तेच केलं, आणि निवृत्त होऊन डोंबिवलीला मुलीकडे राहायला आले. आमचे पत्रे ठोकणाऱ्या फिटरने त्यांचं नाव सुचवलं होतं. "मॅडम, पत्रा मी ठोकतो. पत्र्याखालचं काय ते काकांना विचारा. फक्त घाई करू नका, ते घाईला बधत नाहीत."

मी घाईतच होते. आमचा कारखाना म्हणजे अकरा बायका, नऊ मशीनं आणि तांब्याची तार. लहान ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळायचं काम. वागळे इस्टेटमधली इमारत पाडायला काढली, म्हणून पावसाळा संपल्यावर आम्ही कोलशेतला आलो. लोखंडी पाइपांचे खांब, वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा. उभी राहिली तेव्हा शेड इतकी नीटनेटकी दिसत होती की मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि आत उभं राहवेना. पंखे जोरात लावता येत नाहीत, कारण आमची तार केसासारखी बारीक. वारा लागला की थरथरते आणि तुटते. त्याच महिन्यात एका दुपारी निर्मलाबाई मशीनवर बसल्या बसल्या बाजूला कलंडल्या.

निर्मलाबाई आमच्यातल्या सर्वांत जुन्या. विठ्ठलवाडीहून येतात, कमी बोलतात, आणि बोटांनी तार चाचपून तिची जाडी सांगतात. डोळ्यांवर पाणी मारलं, सरबत दिलं, दहा मिनिटांत उठून त्या पुन्हा मशीनकडे निघाल्या. मी घाबरले होते. माणूस हातातून जाईल ही भीती मला कुठल्याही रकान्यात बसवता येत नव्हती. त्यांना मी म्हटलं, "निर्मलाबाई, एप्रिलच्या आधी शेड थंड झाली तर प्रश्नच नाही. नाही झाली, तर उन्हाळाभर घरी आराम करा, जूनमध्ये या." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, मी त्यांची काळजी घेतली. घरी बसवलेल्या बाईला पुन्हा कोणी बोलावत नाही, हे त्यांना त्यांच्या वयात चांगलं ठाऊक होतं. मला ते सुचलंही नाही.

तर एप्रिलच्या आधी पत्र्याखाली काय लावायचं, हे ठरवायचं होतं. मी वही केली. डावीकडे मालांची नावं, वर रकाने. मग विक्रेते यायला लागले. एकाने चंदेरी बुडबुड्यांची शीट बल्बसमोर धरून मागे माझा हात ठेवला आणि "लागतंय का काही?" असं दहा वेळा विचारलं. दुसऱ्याने तिला लायटर लावून दाखवला आणि थर्मोकोल घ्या म्हणाला. तिसरा म्हणाला, थर्मोकोलमध्ये मुंग्या वारूळ करतात, तुम्ही काचेची लोकर घ्या, म्हणजे ग्लासवूल. चौथ्याने दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला तुकडा जमिनीवर टाकला, त्याच्यावर स्वतः उभा राहिला आणि मलाही उभं केलं. छतावर कोण उभं राहणार होतं, ते मला विचारायचं राहून गेलं. प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या मालाची एक भयंकर गोष्ट होती. लिहून लिहून वहीत रकाने सतरा झाले. एका रात्री सगळ्यांना गुण देऊन बेरीज केली तर चौघांचे जवळपास सारखेच भरले. माझ्या हिशेबी जगात असं कधी घडलं नव्हतं.

ती वही मी काकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सतराही रकाने वाचले. "अक्षर छान आहे तुमचं."

"काका, अक्षराचं जाऊ द्या. कुठला घेऊ?"

"माल चारही चांगले आहेत. चार सुना आहेत असं समजा. सून वाईट नसते, कुठल्या घरात पडली ते बघायचं."

शेजारच्या मशीनवर शोभा होती. बोलण्यात तिचा हात धरणारी आमच्यात कोणी नाही. ती म्हणाली, "काका, पत्र्याच्या घरात टाकलीत तर कुठलीबी सून वाईटच निघणार!" बायका हसल्या. काका सर्वांत जास्त हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विषय बदलला, आणि "कुठला घेऊ" हे तिथेच राहिलं.

मालाबद्दल ते नेहमी ओळखीच्या माणसांसारखं बोलत. "हा बुडबुडेवाला गुणी आहे हो, पण त्याला पत्र्याला चिकटवलंत की रुसतो. मध्ये हवा सोडली तरच काम करतो." "थर्मोकोल साधाभोळा, पण आगीची संगत नको त्याला, वायरिंगपासून लांब ठेवा." "हा फोमचा पॅनेलवाला श्रीमंत घरचा. याला घ्यायचं तर आहे तो पत्रा उतरवा, मग याला चढवा." मी भराभर लिहून घ्यायची. घरी जाऊन वाचलं की वहीत लिहिलेलं असायचं, "गुणी, रुसतो. साधाभोळा. श्रीमंत." वधूवर सूचक मंडळाची वही वाटावी.

ग्लासवूलचं मात्र त्यांनी नावही घेतलं नाही. मी नमुना पुढे केला तर स्टूलासकट मागे सरकले. "तो नको."

"का? सगळे म्हणतात उष्णता चांगली अडवतो."

"अडवतो."

"मग?"

त्यांनी दोन्ही मनगटं खाजवली. आयुष्यभर ज्यांनी तोच माल गुंडाळला, त्यांना आता तो बघवतही नव्हता. "खाली कोण बसणार आहे, ते सांगा आधी," ते म्हणाले. मी सांगितलं, आम्हीच, दुसरं कोण. "तेच तर," ते म्हणाले आणि चहा मागितला. मी रकान्यात लिहिलं, "नकार. कारण अस्पष्ट."

मी हार मानणारी नव्हे. पाच थर्मामीटर आणून पाच ठिकाणी टांगले. आकडे बघते तर अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक. पण डोक्यावर जी धग उतरायची, ती सगळीकडे सारखी मुळीच नव्हती. मी काकांना विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते. हवा तर तीच असते ना दोन्हीकडे? मग तोंड कशाने भाजतं?" मी म्हटलं, आगीने. "बरोबर. तुमचा थर्मामीटर हवेचा ताप मोजतोय. पत्रा वरून थेट भाजतो, ते त्याला कळत नाही. ते माणसाला कळतं. माणसांना विचारा."

मग ठरलं की चार बाकांवर चार नमुने टांगायचे. ग्लासवूलही, माझ्या हट्टाने. खालून कापड शिवून बंद केलेलं, आणि ते शिवताना काका स्वतः समोर उभे राहिले होते. दर दोन दिवसांनी बायकांनी जागा बदलायच्या आणि संध्याकाळी मला सांगायचं, दुपारी कसं वाटलं. त्यासाठी मी वेगळा तक्ता केला. ही कल्पना मला माझ्या आयुष्यातल्या उत्तम कल्पनांपैकी एक वाटत होती. मार्च लागला होता, ऊन चढत होतं, निकाल लागायला याहून चांगले दिवस मिळाले नसते.

दोन आठवड्यांनी तक्ता भरला. चव्वेचाळीस चौकोन, आणि चव्वेचाळीस वेळा एकच शब्द, "बरं". शोभा बरं, निर्मलाबाई बरं, चंदेरीखाली बरं, थर्मोकोलखाली बरं. ज्या बाकावर एक दिवस नमुना टांगायचा राहून गेला होता आणि वर उघडा पत्रा होता, तिथेही बरं. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं, एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. "बरं आहे की ताई." "काही त्रास नाही ताई." शोभासारखी बाई, जिला बिस्किटाच्या पुड्यातही दहा खोडी दिसतात, तीसुद्धा खाली बघून म्हणाली, "गार वाटतंय आता." तिच्या ब्लाउजची पाठ ओलीचिंब होती.

मी तक्ता काकांपुढे टाकला. "आता सांगा. मला तर वाटतं मीच भ्रमिष्ट झालेय."

काकांनी तो नीट वाचला, उलटून मागचा कोरा भागही बघितला. मग विचारलं, "यातली कोण पडली होती हो ऑक्टोबरात?"

"निर्मलाबाई."

"तिला काय सांगितलंत तुम्ही?"

मी सांगितलं. शेड थंड झाली तर प्रश्न नाही, नाही तर घरी आराम. सांगताना ते वाक्य माझ्याच कानांना वेगळं ऐकू आलं. काकांनी तक्त्याची घडी घालून माझ्या हातात दिली. "बाई, गरम होतं म्हणायचं म्हणजे निर्मलाबाईंना घरी पाठवायचं, असं झालंय इथे. मग कोण म्हणेल? मीही बरंच म्हणालो असतो."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांपुढे उभी राहिले. भाषण माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं. निर्मलाबाई कुठेही जाणार नाहीत. शेड गरम राहिली तर उन्हाळ्यात आपण सकाळी सातला काम सुरू करू आणि दुपारी बंद करू, पण सगळ्या मिळून. आता खरं सांगा."

शोभा म्हणाली, "खरं सांगू? चिडायचं नाही हां."

"नाही चिडणार."

"आम्ही काय भाकऱ्या आहोत का, तव्याखाली ठेवायला? तो फोमवाला सोडला तर बाकी सगळ्यांखाली भाजतं. आणि ते बुडबुडे लोंबतात, डोक्याला लागतात."

"काहीतरीच! बुडबुड्यांखालीच जरा जीव राहतो," दुसरी म्हणाली.

"तू दाराजवळ बसलीस म्हणून. तिथं पापड वाळवलेला तरी गार राहील."

"आणि त्या कापडवाल्याखाली माझी मान खाजते."

"मान तर तुझी वर्षभर खाजते गं!"

अर्धा तास गलका चालला. मी लिहिता लिहिता थकले, कारण कोणाचंच कोणाशी जमेना. जी जागा एकीला भट्टी, ती दुसरीला महाबळेश्वर. आधी एकच उत्तर होतं म्हणून मी गोंधळले होते, आता अकरा होती म्हणून. काका मात्र स्टूलावर बसून लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे खुशीत ऐकत होते. निर्मलाबाई तेवढ्या गप्प होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाल्या, "माझं बरं आहे ताई, खरंच." मी ते लिहून घेतलं.

त्या गलक्यातून काकांनी काय निवडून काढलं ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी एका दमात निकाल दिला, पहिल्यांदाच, आणि स्टूल न मागता. चंदेरी शीट लावा. पत्र्याला चिकटवू नका, चार बोटं खाली ताणून बांधा. शेडच्या मधल्या कण्यापाशी, छताचे दोन्ही उतार मिळतात तिथे, पत्रा उचलून फट ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाईल. पाऊस आत येऊ नये म्हणून फटीवर टोपी बसवा. "ऊन येणारच. त्याला आत घेऊन कोंडू नका, परस्पर वाटेला लावा." मी विचारलं, फोमच्या पॅनेलला शोभाने पसंती दिली होती, त्याचं काय? ते म्हणाले, "शोभाबाईंचं बरोबर आहे. पण अख्खं छत उतरवून चढवेपर्यंत जून येईल. निर्मलाबाईंना एप्रिलमध्ये बसायचंय." सतरा रकान्यांत हा विचार कुठेच नव्हता.

काम चार दिवस चाललं. काका खाली उभे राहून काठीने अंतर तपासत. कुठे शीट पत्र्याला टेकली की काठी वाजवत. "चार बोटं म्हटलं ना रे! तुझी चार बोटं घे, उंदराची नको." दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ते अचानक शिडीच्या पायरीवर बसले. ओठ पांढरे पडले होते. मी रिक्षा बोलावली, आणि मुलीला फोन लावला. त्यानंतर ते शेडवर आले नाहीत.

फोनवर मुलगी, वैशाली, भेटली. तिच्याकडून मला कळलं की त्यांच्या छातीचं दुखणं जुनं होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात तोंडाला काही न बांधता लॅगिंगच्या मालाची पोती फोडायचे, लेप कालवायचे, धूळ उडायची, अंगभर खाज. रात्र रात्र झोप नसायची. "तुमच्याकडे जाऊ नका म्हणून मी रोज भांडत होते," ती म्हणाली. "ते म्हणायचे, तिथे वर काय टांगताहेत ते मला बघायला हवं, खाली बायका बसतात." मी वही उघडली, "कारण अस्पष्ट" या शब्दांकडे बघत राहिले, आणि मिटली.

एप्रिल आला. कण्याच्या फटीपाशी हात धरला तर गरम झोत लागायचा, म्हणजे हवा निघत होती. बायका म्हणाल्या, फरक पडला, आणि यावेळी कुरकुरीसकट म्हणाल्या, त्यामुळे माझा विश्वास बसला. एका रविवारी मी काकांना भेटायला डोंबिवलीला निघाले. निर्मलाबाई म्हणाल्या, "मी येऊ का?" इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून माझ्याबरोबर कुठे यायचं म्हटलं नव्हतं.

काका उशांना टेकून बसले होते. नाकाशी नळी, खिडकीपाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. आम्हाला बघून डोळे लकाकले. मी सगळा अहवाल दिला. फट, झोत, टोपी, शीटचा ताण. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या पलीकडे, दाराशी उभ्या असलेल्या निर्मलाबाईंना विचारलं, "तुम्हाला कसं वाटतं?"

मला वाटलं, बरं म्हणतील. निर्मलाबाई पुढे आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "दुपारी दोनपर्यंत काही नाही. तीन वाजले की भाजतं. डोक्यावर नाही. इकडून." त्यांनी आपल्या उजव्या दंडावर हात ठेवला. "आठ दिवस झाले. मधेच डोळ्यांपुढे अंधारी येते. मी मग पाणी प्यायला उठते."

मी म्हटलं, "निर्मलाबाई, मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लिहून ठेवलं असतं ना ताई."

काकांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते डोळे मिटून पुटपुटत होते, "उजवा दंड. म्हणजे पश्चिम. पश्चिमेच्या भिंतीला काय होतं हो?"

मी सांगितलं, तयार मालाचे खोके असायचे, छतापर्यंत रचलेले. मोठी ऑर्डर गेली, आता भिंत मोकळी आहे.

"कधी गेली?"

"आठ-दहा दिवस झाले."

काकांनी डोळे उघडले. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना धाप लागली. ते हसत होते. "चुकलो की हो! अहो, सगळा जन्म याच धंद्यात गेला, आणि मी सगळ्यांना छतच दाखवत बसलो. खोके होते म्हणून भिंत सभ्य वाटली मला. भिंतसुद्धा पत्राच की!" वैशाली आतून धावत आली, बाबा बोलू नका म्हणाली. ते थांबेनात. "बाहेरून सावली द्या तिला. बांबू बांधा, हिरवी जाळी सोडा, भिंतीपासून हातभर लांब. आतून काही लावू नका. उद्याच करा. आणि तीन वाजता यांना बसवा आणि मला फोन करा." इतक्या आनंदाने चूक कबूल करणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी त्या आनंदात सामील व्हावं की आठ दिवस मला काही दिसलं नाही याची लाज धरावी, हे मला ठरवता येईना.

परतताना रिक्षात मी निर्मलाबाईंना म्हटलं, "आता माझ्यावर विश्वास नाही का?" त्या बाहेर बघत म्हणाल्या, "आहे हो ताई. हळूहळू."

सोमवारी बांबू आले, मंगळवारी जाळी बांधून झाली. दुपारी तीन वाजता निर्मलाबाई आपल्या जागी बसल्या, उजवा हात भिंतीच्या बाजूला. मी समोर उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी काही विचारलं नाही. तेवढं मला आता समजत होतं. त्यांनी तार लावली, एक कॉइल भरली, दुसरी घेतली. साडेतीनला मी काकांचा नंबर लावला. वैशालीने उचलला. सकाळपासून तब्येत बरी नव्हती, दवाखान्यात हलवायचं चाललं होतं. ती म्हणाली, "पण ते विचारताहेत. मी फोन कानाशी धरते, लवकर सांगा."

मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात निर्मलाबाई उठल्या आणि माझ्या हातातून फोन घेतला. सरळ घेतला, न विचारता. माझ्याकडे पाठ करून त्या दाराबाहेर गेल्या. नऊ मशीनांच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांचं डोकं हललं, एकदा त्या हसल्या, मग बराच वेळ नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या. परत येऊन त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मशीन सुरू केलं.

चार दिवसांनी काका गेले. आम्ही सगळ्या डोंबिवलीला जाऊन आलो. शोभा सर्वांत जास्त रडली.

चंदेरी शीटने किती काम केलं, फटीने किती, जाळीने किती, आणि जेवणाच्या सुट्टीतल्या त्या चार वाक्यांनी किती, याची वाटणी मला अजून करता आलेली नाही. मी दोनदा करून बघितली, दोनदा खोडली. फोनवर काका काय म्हणाले, हे मी निर्मलाबाईंना बऱ्याचदा विचारलं. कामाच्या वेळी विचारलं, सुट्टीत विचारलं, मागच्या संक्रांतीला तिळगूळ देताना विचारलं.

"काही नाही ताई," त्या म्हणतात. "आमचं आमचं होतं."